टर्बोचार्जरयुक्त मोटारीतील निष्कास-उष्णता आणि सिरॅमिक लेप

मोटारीच्या एंजिनात जाळल्या जाणाऱ्या इंधनाचा जमाखर्च मांडला, तर त्यातून मुक्त होणाऱ्या ऊर्जेपैकी साधारणतः एक तृतीयांश भागच चाके फिरविण्याच्या कामी येतो असे दिसते. बाकीच्या ऊर्जेचा काही भाग सिलिंडरांभोवती खेळणारे पाणी घेऊन जाते आणि जवळजवळ तितकाच भाग जळून गेलेल्या वायूंबरोबर निष्कास नळीच्या वाटेने वातावरणात निघून जातो. ह्या जाणाऱ्या वायूंकडून जाता जाता थोडे काम करवून घ्यावे, ह्या विचारातून टर्बोचार्जरचा जन्म झाला. स्वित्झर्लंडमधील अभियंता आल्फ्रेड ब्यूखी ह्याने १९०५ मध्ये ह्या कल्पनेचे एकस्व मिळविले. प्रवासी मोटारींत ती यावयास मात्र १९६२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबील जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर ह्या दोन गाड्या टर्बोचार्जरसह विक्रीस आल्या. महाराष्ट्रात नाशिक येथे २००२ पासून तयार होऊ लागलेली स्कॉर्पिओ आणि पुण्याजवळ रांजणगाव येथून २०१७ मध्ये बाहेर पडलेली नेक्सॉन ह्या गाड्यांनी हे यंत्र येथील सर्वसामान्य ग्राहकाच्याही परिचयाचे केले.

टर्बोचार्जरची रचना सांगावयास सोपी आहे. एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन चाके बसविलेली असतात. एका चाकावर, म्हणजे टर्बाइनवर, तप्त निष्कास वायू आदळतात व त्यास फिरवितात. दुसरे चाक बाहेरील हवा ओढून ती दाबून एंजिनात पाठविते. लहान मोटारींमध्ये हा दांडा मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेऊ शकतो. पेट्रोल एंजिनावर पूर्ण भार असताना टर्बाइनपाशी येणारे वायू ९००° से. अथवा त्याहून अधिक तापलेले असतात, डीझेल एंजिनात ते ह्याहून बरेच थंड असतात. एका टोकाला लालबुंद लोखंड आणि वीतभर अंतरावर, दुसऱ्या टोकाला, जितकी थंड मिळेल तितकी हवी असलेली हवा, असा हा शेजार आहे. आत येणारी हवा सुमारे तीन अंशांनी तापली तर तिची घनता एक टक्क्याने घटते आणि तितका प्राणवायू एंजिनाला कमी मिळतो. शिवाय त्याच बॉनेटखाली रबरी नळ्या, विजेच्या तारा, प्लॅस्टिकची आवरणे आणि वंगण तेल असते. तेव्हा निष्कास वायूंची उष्णता जेथे हवी तेथे राखणे व जेथे नको तेथे जाऊ न देणे हा प्रश्न ह्या गाड्यांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरतो.

ह्या प्रश्नावरील उपाय म्हणून सिरॅमिक लेपांचा पुरस्कार केला जातो. मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांतून निघणाऱ्या नळ्या जेथे एकत्र येतात त्या भागावर, तसेच टर्बाइनच्या कोठीवर आणि पुढील नळीवर असा लेप चढविला की उष्णतेचा त्रास संपला, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ही समजूत कितपत खरी आहे, हे पाहण्यासाठी लेप नेमके काय करतो ह्याचा शोध घ्यावयास हवा.

लेपाची तीन निरनिराळी कामे

सिरॅमिक लेप हा एकच शब्द वापरला जात असला, तरी त्याच्या पोटात तीन निरनिराळी कामे येतात. पहिले काम धातूचे ऑक्सिडीकरणापासून संरक्षण करणे हे होय. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स ह्या संस्थेत विमानांच्या निष्कास नळ्यांसाठी काचलेपासारखे जे लेप तयार झाले, त्यांचा मुख्य हेतू हाच होता. साध्या पोलादावर असा लेप दिला म्हणजे दुर्मिळ मिश्रधातूवाचून काम भागविता येई. उष्णता अडविणे हा त्यांचा मुख्य धर्म नव्हता.

दुसरे काम उष्णतेच्या वहनास अडथळा करणे हे होय. ह्यासाठी झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियम धातूचे ऑक्साइड, विशेष उपयुक्त ठरले आहे. ते सुमारे २,७००° से. पर्यंत वितळत नाही आणि त्याची उष्णतावाहकता फार कमी असते. परंतु शुद्ध झिर्कोनियात एक दोष आहे. सुमारे १,१७०° से. च्या आसपास त्याची स्फटिकरचना पालटते, तीबरोबर आकारमानही बदलते आणि पदार्थाला तडे जातात. त्यात इट्रियमचे ऑक्साइड मिसळले असता हा दोष टळतो. १९६० नंतरच्या दशकात एक्स-१५ ह्या रॉकेट-विमानाच्या एंजिनाच्या तोटीवर झिर्कोनियाचा लेप वापरण्यात आला. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेतील नासाच्या लुईस संशोधन केंद्रात जेट एंजिनाच्या टर्बाइन-पात्यांवर इट्रियायुक्त झिर्कोनियाची यशस्वी चाचणी झाली. इट्रियाचे प्रमाण सहा ते आठ टक्के असावे, हा त्याच केंद्रातील संशोधनाचा निष्कर्ष आजही प्रमाण मानला जातो.

तिसरे काम पृष्ठभागावरून होणारे उष्णतेचे प्रारण कमी करणे हे होय. घासूनपुसून लख्ख केलेल्या पितळी भांड्यातील कढत पाणी काजळलेल्या भांड्यातील पाण्यापेक्षा उशिरा निवते, हा घरोघरचा अनुभव आहे. काळवंडलेला पृष्ठभाग उष्णता सढळपणे फेकतो, चकचकीत पृष्ठभाग ती आखडत्या हाताने देतो. ह्या गुणाला उत्सर्जकता असे म्हणतात. गंजलेल्या वा काळवंडलेल्या लोखंडाची उत्सर्जकता ०.८ च्या आसपास असते, तर ॲल्युमिनियमचे सूक्ष्म कण असलेल्या चकचकीत लेपांची ती ०.३ च्या आसपास आणता येते. येथे हेही ध्यानात ठेवावे की, डोळ्यांना पांढरा दिसणारा लेप अदृश्य अवरक्त किरणांच्या दृष्टीने तसा असेलच असे नाही. केवळ रंगावरून लेपाची परीक्षा करता येत नाही.

एक साधा हिशेब

ह्या तीन कामांपैकी मोटारीच्या मॅनिफोल्डवर कोणते किती फलद्रूप होते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आतील वायू ९००° से. वर आहेत, बॉनेटखालील हवा ७७° से. वर आहे आणि बिडाच्या भिंतीची जाडी ५ मिलिमीटर आहे, असे धरून चालू. वायूकडून भिंतीला दर अंशामागे दर चौरस मीटरला २०० वॅट आणि बाहेरील पृष्ठभागाकडून हवेला त्याच मापाने २० वॅट उष्णता मिळते, असे समजू. बाहेरील पृष्ठभागाची उत्सर्जकता ०.८ असेल, तर आत येणारी व बाहेर जाणारी उष्णता भिंत सुमारे ६७०° से. वर असताना समसमान होते आणि दर चौरस मीटरमधून सुमारे ४६ किलोवॅट उष्णता निसटते. त्यातील तीन चतुर्थांश भाग प्रारणाने जातो. ५ मिलिमीटर बीड ह्या प्रवाहाला जवळजवळ काहीच अडथळा करीत नाही. भिंतीच्या दोन बाजूंमधील फरक पाच-सहा अंशांचाच राहतो.

आता ह्या भिंतीवर बाहेरून ०.३ मिलिमीटर जाडीचा झिर्कोनियाचा लेप दिला आणि त्याची उत्सर्जकता पूर्वीइतकीच राहिली, असे मानू. फवाऱ्याने दिलेल्या ह्या लेपाची उष्णतावाहकता दर मीटर दर अंशाला सुमारे १ वॅट, म्हणजे बिडाच्या कित्येक पटींनी कमी असते. तरीही ४६ किलोवॅटच्या प्रवाहात एवढ्या पातळ थरात पडणारा उष्णतामानाचा उतार अवघा चौदा अंशांचा भरतो. बाहेरचा पृष्ठभाग सात-आठ अंशांनी निवतो, आतील बीड जवळजवळ तितक्याच अंशांनी अधिक तापते, आणि निसटणारी उष्णता दोन ते तीन टक्क्यांनी कमी होते. तोच लेप आतील बाजूने दिला तर बीड सात-आठ अंशांनी निवते, एवढाच फरक. ह्याचे कारण उघड आहे. वायू आणि भिंत ह्यांच्या सीमेवरील वायूचा स्थिर पापुद्रा स्वतःच मोठा अडथळा आहे. लेपाचा अडथळा त्याच्या सहा टक्के इतकाच भरतो.

ह्याउलट लेपाने उत्सर्जकता ०.८ वरून ०.३ वर आणली, तर चित्र पालटते. निसटणारी उष्णता ४६ किलोवॅटवरून सुमारे ३१ किलोवॅटवर येते, म्हणजे तिसरा हिस्सा वाचतो. परंतु त्याच वेळी बिडाचे उष्णतामान ६७०° वरून सुमारे ७४५° से. वर चढते. बाहेर जाण्याची वाट अरुंद झाल्यामुळे उष्णता धातूत साचते. ह्या दोन आकड्यांत सर्व विषयाचे मर्म आहे. लेप उष्णता नाहीशी करीत नाही. तो फक्त तिची वाट बदलतो, आणि एका ठिकाणची सोय दुसऱ्या ठिकाणी भार होऊन बसते.

ह्या बचतीचे व्यावहारिक मोल किती? मॅनिफोल्ड आणि टर्बाइनची कोठी मिळून बाहेरील क्षेत्रफळ ०.१५ चौरस मीटर आणि वायूंचा प्रवाह दर सेकंदाला ०.१ किलोग्रॅम धरला, तर लेपावाचून सुमारे ७ किलोवॅट व लेपासह ४.७ किलोवॅट उष्णता बाहेर पडेल. बॉनेटखाली सतत पेटलेल्या दोन विजेच्या शेगड्या विझविल्यासारखा हा फरक आहे. शेजारच्या नळ्या, तारा व हवा ह्यांच्या दृष्टीने तो लक्षणीय होय. टर्बाइनच्या बाजूने पाहिले तर मात्र वायू जेमतेम २०° अधिक तापलेले मिळतात. टर्बाइनला मिळू शकणारे काम वायूच्या निरपेक्ष उष्णतामानाच्या प्रमाणात असते; म्हणजे वाढ दीड ते पावणेदोन टक्क्यांच्या घरात राहते. लेप चढविताच गाडीच्या शक्तीत मोठी भर पडते असे जे सांगितले जाते, त्याला हा हिशेब दुजोरा देत नाही. लेपाचा खरा लाभ शेजाऱ्यांच्या संरक्षणात आहे.

जेट एंजिनाचे उदाहरण का लागू पडत नाही

असे असेल तर हाच झिर्कोनिया विमानांच्या टर्बाइन-पात्यांवर इतका प्रभावी का ठरावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर प्रवाहाच्या तीव्रतेत आहे. जेट एंजिनातील वायू अधिक दाबाखाली व प्रचंड वेगाने पात्यावरून जातात आणि पाते आतून पोकळ असून त्यातून थंड हवा सतत खेळविलेली असते. त्यामुळे दर चौरस मीटरमधून वाहणारी उष्णता १,००० किलोवॅटच्या घरात जाऊ शकते. लेपातील उतार ह्या प्रवाहाच्या प्रमाणात वाढत असल्याने पाव मिलिमीटर लेपही धातूला शंभर अंशांहून अधिक दिलासा देतो. मोटारीच्या मॅनिफोल्डची दुसरी बाजू कोणी थंड करीत नाही आणि तेथील प्रवाह विसाव्या हिश्शाहूनही कमी असतो. पदार्थ तोच, पण परिस्थिती भिन्न, म्हणून फळही भिन्न. एका यंत्रातील यश दुसऱ्या यंत्रात जसेच्या तसे उतरत नाही, ह्याचे हे बोलके उदाहरण आहे.

एंजिनाच्या आतील लेप

उष्णता सिलिंडरातच कोंडून ठेवावी, हा विचारही मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला आहे. १९७० नंतरच्या व १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेत कमिन्स कंपनी आणि तेथील सैन्याचे वाहन-संशोधन खाते ह्यांनी मिळून, पाण्याने थंड न करावे लागणारे डीझेल एंजिन बनविण्याचा उद्योग आरंभिला. पिस्टन, सिलिंडरचे माथे व निष्कासमार्ग ह्यांवर सिरॅमिकचे आवरण घालून उष्णता अडवावी, आणि वाचलेली ऊर्जा टर्बाइनद्वारा परत मिळवावी, अशी योजना होती. रेडिएटरवाचून चालणारा सैनिकी ट्रक त्यातून सिद्धही झाला. परंतु इंधनाची जी बचत अपेक्षित होती, तिजविषयी वाद उत्पन्न झाला. १९८७ मध्ये म्यूनिकचे वोश्नी व त्यांचे सहकारी ह्यांनी आपल्या प्रयोगांवरून असे दाखविले की, भिंती फार तापल्या की उष्णतेचे संक्रमण अपेक्षेप्रमाणे घटत नाही आणि इंधनाचा खप उलट वाढू शकतो. तप्त भिंती आत येणाऱ्या ताज्या हवेलाही तापवून विरळ करतात, हीही अडचण होतीच. सिलिंडरात अडविलेल्या उष्णतेचा मोठा भाग पिस्टनवर काम न करता निष्कास वायूंबरोबर निघून जातो. ती परत मिळवावयाची, तर टर्बाइनच हवी.

ह्या अनुभवातून पुढे एक निराळा मार्ग निघाला. भिंत सतत तप्त ठेवण्याऐवजी, ज्वलनाच्या क्षणी तिचा पृष्ठभाग झटकन तापावा आणि हवा आत येताना तितक्याच झटकन निवावा, असा पातळ, सच्छिद्र व अल्प उष्णताधारक लेप पिस्टनवर देण्याची कल्पना टोयोटाने २०१५ मध्ये आपल्या २.८ लिटर डीझेल एंजिनात प्रत्यक्ष उतरविली. सिलिकाने बळकट केलेला ॲल्युमिनियम ऑक्साइडाचा हा थर होय. उष्णता किती अडवावी ह्याइतकेच ती केव्हा अडवावी हेही महत्त्वाचे आहे, हा धडा त्यातून मिळतो.

चिकटण्याचा प्रश्न

लेपाचे आयुष्य मुख्यतः त्याच्या धातूशी असलेल्या सख्यावर अवलंबून असते. अगंज पोलादाची एक मीटर लांबीची नळी ८०० अंशांनी तापली तर सुमारे १४ मिलिमीटरने लांबते. तितक्याच लांबीचा झिर्कोनिया ८ मिलिमीटरने. ही सहा मिलिमीटरची ओढाताण प्रत्येक वेळी गाडी तापताना व निवताना घडते. बीड पोलादाहून कमी प्रसरण पावत असल्याने त्यावर हा ताण पुष्कळ कमी असतो. ताण सहन व्हावा म्हणून प्रथम वाळूसारख्या कठीण कणांच्या माऱ्याने पृष्ठभाग खरखरीत करतात, त्यावर निकेल, क्रोमियम, ॲल्युमिनियम व इट्रियम ह्यांच्या मिश्रधातूचा दुवा साधणारा थर देतात, आणि मग प्लाझ्माच्या फवाऱ्याने झिर्कोनिया चढवितात. प्लाझ्माच्या गाभ्याचे उष्णतामान १०,०००° से. हून अधिक असते. त्यात वितळलेले कण धातूवर आपटून चपटे होतात व थापलेल्या गोवऱ्यांप्रमाणे एकावर एक बसतात. त्यांच्यामधील बारीक भेगा व छिद्रे दोषासारखी दिसली तरी लेपाला थोडी लवचीकता तीच देतात आणि उष्णताही तीच अडवितात.

येथून एक व्यावहारिक सावधगिरी उद्भवते. बाहेरील लेपाचा टवका उडाला तर फार तर तो भाग उघडा पडतो. परंतु मॅनिफोल्डच्या आतून दिलेला लेप निघाला, तर त्याचे कठीण तुकडे वायूबरोबर थेट टर्बाइनवर जातात आणि अतिवेगाने फिरणाऱ्या पात्यांना इजा करू शकतात. सात-आठ अंशांच्या लाभासाठी हा धोका पत्करावा काय, ह्याचा विचार वापरणाऱ्याने अवश्य करावा.

ॲल्युमिनियमयुक्त चकचकीत लेपांनाही मर्यादा आहेत. ॲल्युमिनियम ६६०° से. ला वितळते. त्यामुळे अतितप्त मॅनिफोल्डवर अशा लेपाची चकाकी टिकविणे कठीण जाते. टर्बाइनमधून काम करून थोडे निवालेले वायू ज्या नळीतून जातात, त्या पुढील नळीवर ते अधिक शोभतात.

धातूवरील वाढीव भार

लेपामुळे धातू अधिक तापतो, ही गोष्ट दोन ठिकाणी विशेष जाणवते. एक म्हणजे मॅनिफोल्ड स्वतः. सुमारे ७५ अंशांची वाढ बिडाला किंवा हलक्या पोलादाला त्याच्या सहनशक्तीच्या सीमेबाहेर नेऊ शकते. मग भेगा पडतात आणि जोड वाकतात. नळ्यांवर उष्णतारोधक पट्ट्या घट्ट गुंडाळल्या असता हा भार आणखी वाढतो. दुसरे ठिकाण म्हणजे टर्बोचार्जरच्या दांड्याचे बेअरिंग. चढण चढून आलेली गाडी थांबवून एंजिन तत्क्षणी बंद केले, तर तेलाचा प्रवाह थांबतो. पण टर्बाइनच्या कोठीत साठलेली उष्णता दांड्याच्या वाटेने बेअरिंगकडे येत राहते आणि तेथील तेल जळून त्याचा कोळसा होतो. लेप दिलेल्या कोठीत ही साठवण अधिक असते आणि बाहेर पडण्याची वाट अरुंद. अशा गाडीत बेअरिंगभोवती पाण्याचा मार्ग असणे आणि एंजिन बंद करण्यापूर्वी ते मिनिटभर संथ चालू देणे अधिकच इष्ट होय.

ह्या सर्व विचारात एका साध्या साधनाचा विसर पडू नये. तप्त भागापासून थोडे अंतर राखून बसविलेला पत्र्याचा पडदा, त्याची उत्सर्जकता तप्त पृष्ठभागाइतकीच असली तरी, प्रारण सुमारे निम्म्यावर आणतो. तो चकचकीत असेल तर त्याहूनही अधिक. मध्ये हवा खेळत असल्याने धातूवर येणारा वाढीव भारही बेताचा राहतो. म्हणूनच बहुतेक कारखानदार अशा पडद्यांचा प्रथम आश्रय घेतात. जेथे पडद्याला जागा नाही, जेथे नळी वेडीवाकडी वळते किंवा जेथे वजनाचा प्रत्येक ग्रॅम मोलाचा आहे, तेथे लेपाचे श्रेष्ठत्व निर्विवाद आहे. शर्यतीच्या गाड्यांत त्याला मिळालेले स्थान ह्यामुळेच होय.

सारांश, सिरॅमिक लेपाचा निर्णय घेताना तीन प्रश्न विचारावयास हवेत. लेप कशासाठी हवा आहे: गंजापासून संरक्षणासाठी, शेजाऱ्यांच्या रक्षणासाठी की शक्तीसाठी? तो कोणत्या पृष्ठभागावर द्यावयाचा: आतील की बाहेरील, टर्बाइनच्या अलीकडील की पलीकडील? आणि अडविलेली उष्णता शेवटी कोठे जाणार, व तेथील धातू ती सोसू शकेल काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विक्रेता देऊ शकतो. तिसऱ्याचे उत्तर मात्र उष्णतेच्या हिशेबातूनच मिळते, आणि लेप किती काळ लाभदायक ठरेल हे बहुधा त्यावरच ठरते.